श्वास मोजणं आणि श्वास बघणं



पहिला प्रश्न तुमच्या मनात असणार, तो मीच विचारतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने परिचर्येतलं संशोधन, डिजिटल यंत्रं आणि श्वसनाचे आजार यावर बोलायचं काय कारण? मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा. माझ्या नावामागचं ते 'डॉ.' बघून रेल्वेत एकदा एका बाईंनी मला त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवला होता. तेव्हा औषधोपचाराबद्दल मी काही सांगणार नाही. मी सांगणार आहे ते आकड्याबद्दल. आकडा आपल्याला काय सांगतो, काय सांगत नाही, आणि ते तपासायचं कुणी.

मला हा विषय शिकवला तो माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणाने. दादांचं आयुष्य सोलापुरात कापडगिरणीत गेलं. कापसाची धूळ आणि त्यावर विडी. पासष्टीच्या पुढे दम लागायला लागला. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात छाती भरली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा, आणि उशाशी पडद्यावर आकडा. पहिल्या रात्री आकडा होता ८९. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत बसलो होतो, निवडणुकीच्या निकालाकडे बघतात तसे. माझा पुतण्या म्हणाला, काका, नव्वदच्या आत आहे, हे बरं नाही. त्याने वॉर्डबॉयला सांगून ऑक्सिजन वाढवून घेतला. अर्ध्या तासात आकडा ९८ झाला. दादांची तगमगही थांबली, त्यांना झोप लागली. आम्हाला हायसं वाटलं. मी तर घरी फोनसुद्धा केला, की आता काळजी नाही.

रात्री अडीचच्या सुमाराला ड्यूटीवरच्या सिस्टर फेरीवर आल्या. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं, मग दादांकडे बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिल्या. मग दादांच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "आजोबा, डोळे उघडा. मी कोण आहे? आपण कुठे आहोत?" दादांनी डोळे किलकिले केले, काहीतरी पुटपुटले आणि परत मिटले. त्यांनी दादांचे हात पुढे धरायला लावले. हात एकसारखे फडफडत होते. सिस्टर ऑक्सिजनचं बटण कमी करायला लागल्या, तसा मी उठलो. जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "अहो, आत्ता कुठे आकडा चांगला आलाय, तुम्ही कमी काय करताय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, हा आकडा यांच्यासाठी चांगला नाही. ही झोप नाहीये." आणि त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

झालं होतं ते असं. सीओपीडीच्या काही रुग्णांत गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. तो वाढला की माणूस गुंगतो, हात थरथरतात, पुढे बेशुद्ध होतो. बोटाच्या चिमट्याला कार्बन डायऑक्साइड कळतच नाही. तो फक्त ऑक्सिजनचं सांगतो. म्हणून या रुग्णांसाठी ८८ ते ९२ एवढंच उद्दिष्ट ठेवतात. आम्ही ज्याला सुधारणा समजत होतो ती गुंगी होती. रक्त तपासलं, घट्ट बसणारा मास्क लावून यंत्राने श्वासाला आधार दिला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा चहा मागायला लागले.

ही एका घरची गोष्ट झाली. पण ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रुग्णवाहिकेतून नेताना ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या पद्धतीने भरपूर ऑक्सिजन दिला आणि काहींना ८८ ते ९२ हे उद्दिष्ट ठेवून मोजून दिला. भरपूर ऑक्सिजनच्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. औषध तेच, चिमटाही तोच. कोणता आकडा कुणासाठी चांगला हे ठरवण्यात फरक होता.

आता त्या चिमट्याकडे वळतो. पल्स ऑक्सिमीटर हे नाव कोविडमध्ये आपल्या आजीबाईंच्याही तोंडी बसलं. याचं तत्त्व शोधलं जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. कल्पना सुंदर आहे. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडायचा, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि ऑक्सिजन नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. पण बोटात हाड आहे, मांस आहे, कातडी आहे, तीही प्रकाश शोषतात. मग रक्ताचं वेगळं कसं काढायचं? तर रक्त ठोक्याबरोबर उसळतं, बाकीचं स्थिर असतं. जे उसळतं तेवढंच धरायचं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये गेले. अगदी त्याच दिवसांत जगभर घराघरांत त्यांचं यंत्र पोचत होतं.

इथे मी माझ्या विषयात शिरतो. थोडं सहन करा.

आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. त्यातलं पहिलं प्रत्यक्ष, दुसरं अनुमान. डोंगरावर धूर दिसला, तर आपण म्हणतो तिथे आग आहे. धूर प्रत्यक्ष, आग अनुमानाने. आणि हे अनुमान कशाच्या जोरावर? तर जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, हा कायमचा संबंध आपण स्वयंपाकघरात वारंवार बघितलेला असतो. त्या संबंधाला म्हणतात व्याप्ती. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मी बत्तीस वर्षं शिकवला, आणि दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारायचा, सर, याचा उपयोग काय? तेव्हा मला नीट उत्तर देता यायचं नाही. आता देता येतं.

पडद्यावरचा ९४ हा आकडा आपल्याला प्रत्यक्षासारखा वाटतो. जणू यंत्राने रक्तात डोकावून ऑक्सिजन मोजला. तसं नसतं. यंत्राला दिसतं ते दोन प्रकाशांचं गुणोत्तर, ऑक्सिजन नव्हे. गुणोत्तर हा धूर, ऑक्सिजन ही आग. मग यांची व्याप्ती कुठे ठरवली? तर निरोगी स्वयंसेवकांवर. त्यांना कमी कमी ऑक्सिजन असलेली हवा श्वासातून द्यायची, धमनीतलं रक्त काढून तपासायचं, आणि कुठल्या गुणोत्तराला किती ऑक्सिजन हा तक्ता तयार करायचा. तो तक्ता यंत्राच्या पोटात असतो. तुमच्या बोटाला चिमटा लावला की यंत्र तुमचं गुणोत्तर बघतं आणि तक्त्यातून उत्तर देतं. म्हणजे ते म्हणतं, त्या लोकांत असं होतं, म्हणून तुमच्यातही असंच असणार.

न्यायशास्त्रात याच्यापुढची एक पायरी आहे आणि मला ती फार मोलाची वाटते. कुणी उलटं म्हटलं, की जिथे आग तिथे धूर, तर ते चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला सरपण ओलं असावं लागतं. ही जी न सांगितलेली, लपून राहिलेली अट, तिला उपाधी म्हणतात. अनुमान फसतं ते बहुधा अशा लपलेल्या अटीमुळे.

ऑक्सिमीटरच्या अनुमानातही अशा अटी आहेत. बोटापर्यंत रक्त नीट पोचत असलं पाहिजे. हात गार पडले असतील तर आकडा डळमळतो. नखांना गडद रंग असेल तर प्रकाश अडतो. रक्तात ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला असेल, म्हणजे थंडीत कुणी बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं असेल, तर यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. माणूस मरणाच्या दारात असतो आणि पडद्यावर ९८.

आणि एक अट कातडीच्या रंगाची. गडद त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र कमी अचूक ठरतं, असं सांगणारा अभ्यास १९९० सालीच झाला होता. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना, अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी हजारो जोड्या तपासल्या. एका बाजूला चिमट्याचा आकडा, दुसऱ्या बाजूला जवळजवळ त्याच वेळी धमनीतून काढलेल्या रक्ताचा. चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन खरोखर ८८ च्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. तिपटीहून जास्त. ज्या आकड्यावरून कुणाला दाखल करायचं, कुणाला घरी पाठवायचं हे ठरत होतं, तोच आकडा काही माणसांना अधिक वेळा फसवत होता. यंत्राच्या मनात काही भेदभाव नव्हता. यंत्राला मन नसतं. व्याप्ती ज्यांच्यावर ठरवली त्यात ही माणसं पुरेशी नव्हती, एवढंच. आणि आपल्या देशात, मंडळी, सावळी कातडी हा अपवाद नाही.

आता म्हणाल, यात परिचर्या कुठे आली? इथेच. अनुमान कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे शेवटी खाटेशेजारी कळतं. आणि खाटेशेजारी चोवीस तास डॉक्टर नसतो, अभियंताही नसतो. तिथे असते नर्स. (आता ब्रदरही असतात. आज सभागृहात चार दिसतायत. त्यांनी राग मानू नये, माझ्या पिढीची जीभ 'सिस्टर' म्हणायलाच वळलेली आहे.)

चिमट्याला न कळणारी एक गोष्ट मात्र कुठल्याही यंत्राशिवाय कळते. माणूस मिनिटाला किती श्वास घेतो. प्रकृती ढासळायला लागली की पुष्कळदा पहिला बदल इथे होतो. ऑक्सिजनचा आकडा अजून चांगला असतो, कारण शरीर जास्त श्वास घेऊन तो चांगला ठेवत असतं. घराचं बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत कर्ज काढून चाललेलं असतं, तसं. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्ण ढासळतोय हे ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत केली, २०१७ मध्ये ती सुधारली. तिच्यात मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर शून्य गुण, २१ ते २४ असतील तर २, आणि २५ किंवा त्याहून जास्त असतील तर थेट ३. म्हणजे हा एकच आकडा धोक्याचा जास्तीत जास्त गुण देऊ शकतो. जितके गुण जास्त तितकी काळजी जास्त, हे ओघाने आलंच.

आणि तरीही हाच आकडा सगळ्यात दुर्लक्षित. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर जो लेख आला त्याच्या शीर्षकातच श्वसनगतीला दुर्लक्षित लक्षण म्हटलेलं आहे. तुम्ही कुठल्याही मोठ्या वॉर्डातले चार्ट काढून बघा. नाडी ७६, ८४, ९२ अशी बदलत जाते. श्वसनगती सगळ्यांची २०, २०, २०. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत सगळे एका तालात श्वास घेतायत, भजनाला बसल्यासारखे. हसू नका, आणि सिस्टरांना दोषही देऊ नका. नाडी यंत्र दाखवतं, रक्तदाब यंत्र दाखवतं, ऑक्सिजन यंत्र दाखवतं. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट उभं राहून, रुग्णाच्या लक्षात न येऊ देता मोजावा लागतो. रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस खाटा असतील, तर नुसते श्वास मोजायला एका फेरीत अर्धा तास जाईल. तो कुठून आणायचा? मग वीस लिहिलं जातं. वीस हा आकडा खोटा आहे, पण तो सिस्टरचा खोटेपणा नाही, वेळापत्रकाचा आहे.

याची एक वेगळी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि मला ती नेहमी सांगाविशी वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतर्फे १९८० च्या दशकात लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. बाळाला न्यूमोनिया झालाय का हे ओळखायला छातीचा फोटो कुठून आणणार? पण श्वास वेगाने चालतो, पोट उडतं, हे दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास असतील तर ते धोक्याचं. गावातल्या दाईला हे शिकवायचं. पण दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही. तिला दहापर्यंत येतं. मग काय केलं? पाटीवरच्या मण्यांसारखं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर बाळाला न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. मोजणं हाताने, निर्णय रंगाने. या सगळ्या प्रयोगाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, सुमारे निम्मे होते. त्या वेळी औषध देणाऱ्या हातांत पदवी नव्हती, पण मोजायला काय आणि थांबायचं कुठे हे स्पष्ट होतं.

मी याला डिजिटल तंत्रज्ञानच म्हणतो. डिजिट म्हणजे मुळात बोट. मणी सरकवणारं बोट हे पहिलं डिजिटल उपकरण. पण या साधनाची खरी गंमत अशी, की ते दाईची नजर बाळावरून हटवत नाही. मणी बोटाने कळतो, वाळू डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते, आणि नजर बाळाच्या पोटावर. आज बाळाच्या पोटाला पट्ट्याने बांधायची स्वयंचलित यंत्रंही निघाली आहेत. ती जरूर वापरावीत. फक्त बाळ हलायला, रडायला लागलं की यंत्र गोंधळतं, आणि यंत्राकडे बघणाऱ्याने बाळाकडे बघणं सोडलेलं असलं, तर दोन्ही गेलं.

यंत्र नजर कशी काढून घेतं याचा पुरावा एका परिचर्येच्या प्राध्यापिकेनेच दिला आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या बार्बरा ड्र्यू. त्यांच्या गटाने अतिदक्षता विभागातल्या ७७ खाटांवरचे मॉनिटर ३१ दिवस नोंदवले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका महिन्यात किती अलार्म झाले असतील? पंचवीस लाखांहून जास्त. त्यातले पुष्कळ नुसते पडद्यावर उमटणारे, पण ऐकू येणारे अलार्मसुद्धा एका खाटेमागे दिवसाला १८७. हृदयाच्या ठोक्यांविषयीचे जे अलार्म त्यांनी एकेक तपासले, त्यातले जवळजवळ नव्वद टक्के खोटे निघाले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे तो मुलगा दिवसाला १८७ वेळा ओरडतोय, आणि एके दिवशी सिस्टर धावली नाही तर चौकशी सिस्टरची होते.

मला हे संशोधन आवडतं ते त्यातल्या प्रश्नामुळे. नवं यंत्र काय करू शकतं हा प्रश्न कंपनी विचारते. नव्या यंत्राने माझ्या पाळीचं काय होतं, हा प्रश्न नर्सच विचारू शकते. परिचर्येतलं संशोधन म्हणजे डॉक्टरांच्या संशोधनाची धाकटी बहीण, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्याचे प्रश्नच वेगळे असतात, आणि वरून बघितलं तर क्षुल्लक वाटतात.

एक उदाहरण देतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या नळीतून कफ ओढून काढण्याआधी नळीत थोडं सलाईनचं पाणी सोडायचं, म्हणजे कफ पातळ होतो, अशी पद्धत अनेक वर्षं चालत आली. नवी सिस्टर जुन्या सिस्टरकडून शिकली, ती तिच्या आधीच्या सिस्टरकडून. आमच्याकडे याला शब्दप्रमाण म्हणतात. अनेक परिचारिकांनी संशोधक म्हणून प्रश्न विचारला, खरंच पातळ होतो का? तपासलं तर फायद्याचा पुरावा हाती लागेना, उलट ऑक्सिजन खाली जाण्याचा धोका दिसला. आज अमेरिकेतल्या श्वसनोपचार संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की हे सरसकट करू नका. दुसरं उदाहरण दात घासण्याचं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून तोंड क्लोरहेक्सिडिनने धुण्याची पद्धत होती. २०२२ च्या अमेरिकी सूचनांनी क्लोरहेक्सिडिन काढून टाकलं आणि ब्रश ठेवला. साधा दात घासायचा ब्रश. विचार करा, सगळ्यात महागड्या यंत्राला जोडलेल्या माणसाचं फुप्फुस वाचवायला कुणीतरी रोज त्याचे दात घासायचे आहेत. हे कुठल्या ॲपमध्ये बसवाल?

डिजिटल साधनांवर माझा राग नाही. माझा आक्षेप आहे तो अनुमानाला प्रत्यक्ष म्हणून विकण्यावर. क्षयरोगाच्या औषधांचं उदाहरण घ्या. आपल्याकडे ९९डॉट्स नावाची एक युक्ती वापरली गेली. गोळीच्या पाकिटावर मागे फोन नंबर लपलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, नोंद आपोआप होते. स्वस्त आणि कल्पक. पण मिस्ड कॉल हा धूर आहे, पोटात गेलेली गोळी ही आग. संशोधकांनी चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवीत औषधाचा अंश तपासला आणि नोंदींशी ताडून बघितला. गोळी घेऊनही कॉल न केलेले बरेच निघाले, आणि कॉल असून गोळी न घेतलेलेही निघाले. ज्याच्या मोबाइलमध्ये रेंज नाही तो बेशिस्त ठरला आणि ज्याच्या घरच्यांनी बटण दाबलं तो आज्ञाधारक.

स्कॉटलंडमध्ये लोदियन भागात सीओपीडीच्या २५६ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या घरी यंत्र दिलं. रोज लक्षणं आणि ऑक्सिजन भरायचा, आकडे दवाखान्याकडे जायचे. दोन्ही गटांना सेवा सारखीच चांगली दिली. वर्षभरानंतर बघितलं तर दवाखान्यात दाखल होण्याच्या बाबतीत यंत्राने काही फरक पडलेला नव्हता. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा मी काढत नाही. याआधीच्या काही प्रयोगांत यंत्राबरोबर जास्तीची देखभालही दिली गेली होती, आणि श्रेय मात्र यंत्राला गेलं होतं. पाहुण्याने वाढप्याला सोडून ताटाचं कौतुक करावं, तसं.

आणि वाढप्यांची संख्या हा या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न आहे. लिंडा एकेन या परिचर्येच्याच संशोधक. त्यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये आला. एका नर्सकडे सरासरीने एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. बारा वर्षांनी युरोपातल्या नऊ देशांत त्यांनी तसाच अभ्यास केला आणि पुन्हा आकडा आला ७. तेव्हा एखादं रुग्णालय जेव्हा म्हणतं, की आम्ही मॉनिटर घेतलेत, आता रात्री एक सिस्टर कमी चालेल, तेव्हा ते प्रत्यक्ष काढून अनुमान बसवतंय. त्या रात्री दादांच्या वॉर्डात सिस्टर कमी असत्या, तर पडद्यावर ९८ असताना त्या खाटेपाशी कुणी आलं नसतं. कशाला येईल? अलार्म वाजलाच नव्हता.

वेळ संपत आली आहे. दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो.

पहिली चिठ्ठी एका विद्यार्थिनीची. "सर, आम्हाला संशोधनासाठी विषय निवडायचा आहे. आमच्याकडे मोठी यंत्रं नाहीत, निधी नाही. काय करता येईल?" बाळ, घड्याळ आहे ना? तुमच्या वॉर्डातल्या चार्टवर श्वसनगती काय लिहिली आहे ते महिनाभर टिपून घ्या, आणि त्याच वेळी तुम्ही स्वतः पूर्ण मिनिट मोजा. दोन्ही शेजारी शेजारी लिहा. नावं लिहू नका, ना रुग्णाची ना सिस्टरची. मात्र परवानगी आधी घ्या, आणि मोजताना श्वास पंचविसाच्या वर आला तर संशोधन बाजूला ठेवून आधी ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगा. कुठल्या पाळीला फरक जास्त येतो, किती खाटांमागे एक नर्स असताना जास्त येतो, हे त्यातून निघेल. आणि ज्यांना ऑक्सिजन चालू आहे त्यांच्या कागदावर उद्दिष्ट लिहिलेलं आहे का, तेही बघा. दादांच्या कागदावर ते होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही, कारण मी पडद्याकडे बघत होतो.

दुसरी चिठ्ठी एका आजोबांची. घरी ऑक्सिमीटर आहे, रोज लावतो, कधी ९७ येतो कधी ९३, घाबरायला होतं. आजोबा, मी वैद्यकीय डॉक्टर नाही, हे आधी सांगितलंच. पण सिस्टरांनी आम्हाला दादांसाठी जे सांगितलं ते सांगतो. पाच मिनिटं शांत बसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, चिमटा लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, लगेच वाचू नका. तुमच्यासाठी कुठला आकडा योग्य ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, शेजाऱ्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. आणि आकडा ९७ असला तरी एक वाक्य एका दमात पुरं होत नसेल, किंवा भर दिवसा उगाच गुंगी येत असेल, तर घरच्यांना सांगा की चिमटा काढून ठेवा आणि मला दवाखान्यात न्या.